मीठ, मासा आणि कंठग्रंथी

आपल्या घरांतून आहाराचा विचार बहुधा दोन दृष्टींनी होत आला आहे. एक दृष्टी रुचीची आणि दुसरी आचाराची. पदार्थ जिभेला कसा लागतो हे स्वयंपाकघर पाहते, आणि तो कोणत्या दिवशी, कोणी, कोणत्या पंक्तीस खावा हे माजघर ठरविते. तो पोटात गेल्यावर शरीरातील कोणत्या कार्यास साह्य करतो हा तिसरा प्रश्न मात्र घरात कोणी आजारी पडेपर्यंत सहसा विचारला जात नाही. गेल्या काही वर्षांत सुशिक्षित कुटुंबांतील स्त्रियांमध्ये कंठग्रंथीच्या, म्हणजे थायरॉईडच्या, विकारांची चर्चा घरोघर ऐकू येऊ लागली आहे. हा प्रश्न यापुढे टाळता येणार नाही असे वाटल्यावरून त्यासंबंधी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कंठाच्या पुढील भागी, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. तिचे वजन प्रौढ माणसात सुमारे २० ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांच्या आतबाहेर. परंतु देहाचा अग्नी मंद किंवा प्रखर ठेवणे, हृदयाची गती, त्वचेचा मऊपणा, मनाचा उत्साह, स्त्रियांचा मासिक धर्म, गर्भाची वाढ, इतक्या सर्व गोष्टींवर या दोन तोळ्यांची सत्ता चालते. ही सत्ता ती रक्तात सोडलेल्या अंतःस्रावांच्या द्वारे चालविते; यांनाच आजकाल हार्मोन्स म्हणतात. एडवर्ड केंडॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ च्या नाताळात या ग्रंथीतील मुख्य स्राव शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याला थायरॉक्सिन हे नाव आहे. त्याच्या प्रत्येक कणात आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन नाही तर थायरॉक्सिन नाही, हा या विषयाचा मूळ सिद्धान्त होय.

हे आयोडीन येते कोठून? १८११ साली बर्नार्ड कूर्त्वा नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाला ते समुद्रशेवाळाच्या राखेत प्रथम आढळले, आणि त्याच्या शोधाचे स्थळच त्याच्या घराचा पत्ता सांगते. युगानुयुगांच्या पावसाने व हिमाने डोंगरांच्या मातीतील आयोडीन धुऊन नद्यांवाटे सागरात नेले. म्हणून समुद्रातील वनस्पती, मासे व शिंपले यांत ते साठलेले असते; उंच पहाडांच्या आणि वारंवार पुराने धुतल्या जाणाऱ्या प्रदेशांच्या मातीत त्याची उणीव असते. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, धान्यात नाही म्हणून माणसात नाही, अशी ही साखळी आहे. आयोडीन न मिळाल्यास ग्रंथी अधिक कष्ट करू लागते व कष्टाने फुगते. सुश्रुताने आपल्या निदानस्थानात ज्याचे वर्णन केले तो गलगंड बहुतेक स्थळी यातूनच उत्पन्न होतो.

हा रोग केवळ हिमालयाच्या पायथ्याचा आहे अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. पुढे झालेल्या पाहण्यांत आपल्या महाराष्ट्रातही, उदाहरणार्थ औरंगाबाद जिल्ह्यात, तो आढळला. त्यावरील उपायाचा निर्णायक प्रयोग मात्र हिमालयातच झाला. डॉक्टर व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात सुमारे एक लाख लोकवस्तीचे विभाग पाडले. काही विभागांस आयोडीनयुक्त मीठ व एका विभागास साधे मीठ पुरविले. काही वर्षांतच पहिल्या विभागांतील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. साध्या मिठाच्या विभागात तशी घट दिसली नाही. पुढे त्या विभागासही तेच मीठ देण्यात आले. १९६२ साली सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि १७ मे २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यास देशभर पुन्हा बंदी झाली.

इतके झाल्यावर हा विषय संपला असे कोणासही वाटेल. पण आमच्या सुशिक्षित घरांनी तो पुन्हा उकरून काढला आहे. आयुर्वेदाच्या नावाने साधे मीठ हद्दपार करून रोजच्या आमटीभाजीत सैंधव घालण्याची चाल हल्ली पडली आहे. चरकाने लवणांमध्ये सैंधवास श्रेष्ठ मानले आहे हे खरे. त्या ग्रंथाविषयी आम्हाला नितांत आदर आहे. परंतु चरकाने सैंधवाचे जे गुण सांगितले ते पचनाचे व दोषशमनाचे. आयोडीन हे द्रव्य तर १८११ पूर्वी जगात कोणासच ठाऊक नव्हते. खाणीतून निघणाऱ्या सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतेच. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या खड्याच्या मिठातही ते नाममात्रच असते. सागराचे आयोडीन सागराच्या प्राण्यांनी व शेवाळांनी आपल्या अंगी साठविले आहे, मिठाने नव्हे. उपवासाच्या दिवशी सैंधव वापरण्यास कोणाचीच हरकत नाही. पण उपवासाचे मीठ बारा महिने तीनशेपासष्ट दिवस खाणे यात ना आयुर्वेद आहे, ना विवेक.

येथे थोडा हिशेब मांडू. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. गर्भिणीस सुमारे २५०. दुकानातील मिठात दर किलोमागे आयोडीन १५ मिलिग्रॅमहून कमी नसावे असा दंडक आहे. रक्तदाबाच्या भयाने दिवसाला ५ ग्रॅमहून अधिक मीठ खाऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मिठात किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडीन असेल तर ५ ग्रॅमांत बरोबर १५० मायक्रोग्रॅम मिळते. ते १५ मिलिग्रॅमच असेल तर ७५, म्हणजे निम्मे. गर्भिणीच्या बाबतीत तर पूर्ण प्रमाणाचे मीठही शंभराने उणे पडते. ही उणीव कशाने भरावयाची? शाकाहारी घरात दूध व दही काही अंशी ती भरून काढतात. ज्यांच्या घरी मासे चालतात त्यांच्यासाठी समुद्राचा मासा हा याहून थेट मार्ग आहे.

मासा म्हणताच आमच्या काही वाचकांच्या भुवया वर जातील हे आम्ही जाणून आहो. मनूच्या पाचव्या अध्यायात मासे खाणारा तो सर्व मांसे खाणारा, असा निषेध एका श्लोकात आहे; आणि लागलीच पुढच्या श्लोकात पाठीन व रोहित हे मासे हव्यकव्यासाठी ग्राह्य मानले आहेत. महाभारताच्या शल्यपर्वातील कथा तर याहून बोलकी आहे. बारा वर्षे अवर्षण पडले, ऋषी क्षुधेने व्याकूळ होऊन दिशादिशांस गेले; तेव्हा सरस्वती नदीने आपल्या पुत्रास, सारस्वतास, तू जाऊ नकोस, मी तुला नित्य मासे देईन, असे सांगितले. त्या आहारावर त्याने प्राण धरला व वेद धारण केले. दुष्काळ सरल्यावर वेद विसरलेल्या साठ हजार ऋषींनी ते त्या मुलापासून पुन्हा शिकून घेतले. गोव्यापासून कारवारापर्यंतचे बहुतेक सारस्वत, बंगालचे व मिथिलेचे ब्राह्मण मासे खातात आणि आमचे देशस्थ व चित्पावन खात नाहीत. दोघांचाही आचार आपापल्या ठिकाणी जुना आहे. न खाणाऱ्याने औषध म्हणून नाक दाबून खावे असे आम्ही मुळीच सांगत नाही. खाणाऱ्याला मात्र दुसऱ्याने तो सोडावयास लावू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे निव्वळ तात्त्विक नाही. नाशकातील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात कारवारकडील सारस्वत घरातून सून आली. माहेरी रोजच्या जेवणात मासा. सासरी तो वर्ज्य, आणि घरातील मीठ सैंधव. मुलीने तक्रार केली नाही. दोन-तीन वर्षांत तिला थकवा येऊ लागला, केस गळू लागले, थंडी सोसेना, पाळी अनियमित झाली. घरात याला आळस असे नाव मिळाले. सासूबाई म्हणत, आमच्या वेळी आम्ही पहाटे चारला उठत होतो. अखेर मानेवरील फुगवटी दिसू लागली तेव्हा वैद्यकीय तपासणी झाली व रक्तातील टी. एस. एच. वाढलेले आढळले. तिच्या विकाराचे कारण मीठच होते असे ठामपणे म्हणण्याचा अधिकार आम्हास नाही. पण ज्या लक्षणांना वैद्यांनी रोग म्हटले त्यांना घराने स्वभावदोष म्हटले होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. ती मुलगी त्या काळात गर्भवती राहिली असती तर? गर्भाची स्वतःची कंठग्रंथी पहिले सुमारे तीन महिने काम करीत नाही; त्या काळात त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. म्हणजे दिवस गेल्याची वार्ता घरात पुरती पसरण्यापूर्वीच नातवाच्या बुद्धीचा पाया घातला जात असतो. आयोडीनची उणीव हे बालकांच्या मेंदूच्या टाळता येण्याजोग्या हानीचे जगातील मोठे कारण आहे. नातवाला शाळेत पहिला नंबर हवा असणाऱ्या आजीने सुनेच्या ताटातील मीठ आधी पाहावे.

आता त्या जेवणाकडे वळू. कोकणातील व गोव्यातील सारस्वत घरांतून होणारे बांगड्याचे तिरफळ घातलेले हुमण हा अत्यंत साधा पदार्थ होय. याला फोडणी नाही, तळणे नाही, कांदा-लसूणही नाही. सहा माणसांसाठी मध्यम आकाराचे सहा बांगडे, म्हणजे सुमारे पाऊण किलो, घ्यावेत. नाशिक समुद्रापासून दूर. मुंबईहून मासा कसारा घाट चढून सुमारे १७० किलोमीटर येतो. म्हणून खरेदीतच खरी पारख लागते. डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लाल, अंग बोटाने दाबले असता पुन्हा वर येणारे, आणि मासा बर्फात पुरलेला असावा. बांगडा, तारली, सुरमई, टुना हे मासे उष्ण्यात पडून राहिल्यास त्यांत हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. ते उकळूनही नष्ट होत नाही. खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर पैशांचा मोह न धरता सारे पातेले टाकून द्यावे. वैशाखातील दुपारी पिशवीत मासा घेऊन चार कामे करीत फिरणे सर्वथा वर्ज्य. प्रथम घर, प्रथम थंड पेटी.

बांगडे साफ करताना कल्ले व आतडी काढावीत, पोटातील काळा पडदा खरडून टाकावा, स्वच्छ धुवावेत व प्रत्येकाचे दोन किंवा तीन तुकडे करावेत. त्यांना थोडी हळद व मीठ लावून ठेवावे. एका मध्यम नारळाचा चव, आठ-दहा ब्याडगी मिरच्या, एक चमचा धणे, अर्धा चमचा हळद व लहानशी चिंच हे सर्व पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये गंधासारखे बारीक वाटावे. दहा-बारा तिरफळे पाण्यात भिजवून त्यांतील काळ्या बिया टाकाव्यात व साले किंचित ठेचावीत. ती वाटणात वाटू नयेत, कडूपणा येतो. वाटण पसरट पातेल्यात घालून बेताचे पाणी घालावे, तिरफळे टाकून एक उकळी आणावी, मग मासे सोडावेत. मंद आचेवर सात-आठ मिनिटे पुरेत. पळीने ढवळू नये, मासा मोडतो. पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवावे. मीठ अखेरीस घालावे, कारण दीर्घ उष्णतेने आयोडीनचा काही अंश उडून जातो. सहा माणसांच्या हुमणास दीड चमचा मीठ पुष्कळ झाले. खाली उतरल्यावर वरून एक चमचा कच्चे खोबरेल सोडून झाकण ठेवावे. मुरल्यावर त्याची चव अधिक खुलते.

याच्या जोडीस उकडा किंवा साधा भात बेताचा, तांबड्या माठाची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि शेवटी आमसुलाची सोलकढी. एवढे ताट पुरे. भाताचा डोंगर व माशाचा एक तुकडा अशी आपली रीत असते ती येथे उलटी करावी. मासा व भाजी यांनी अर्ध्याहून अधिक ताट भरावे. इन्सुलिन हाही एक अंतःस्रावच आहे. ज्या मुलींना बीजकोशाच्या विकारामुळे पाळीचा त्रास होतो त्यांच्यापैकी पुष्कळींत इन्सुलिनचे कार्य बिघडलेले असते. भात-साखर आवरणे आणि प्रथिने व भाज्या वाढविणे त्यांच्या हिताचेच आहे. जेवण रात्री उशिरा न करता दिवेलागणीनंतर लवकर करावे.

बांगड्यापासून आयोडीनखेरीज आणखी तीन गोष्टी मिळतात. एक सेलेनियम. थायरॉक्सिनचे अधिक क्रियाशील रूपात परिवर्तन करणाऱ्या द्रव्यांना ते लागते. दुसरे ड जीवनसत्त्व, जे शाकाहारी अन्नात विरळ. तिसरे ओमेगा-३ नावाचे स्निग्धांश. हे विशेषतः रक्तातील चरबीच्या एका प्रकारास आवर घालतात. अंतःस्रावांवर ते जादू करतात असे मात्र कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. कोणत्या माशात आयोडीन किती हे जातीनुसार पुष्कळ बदलते, म्हणून कधी बांगडा, कधी तारली, कधी कोळंबी असा पालट ठेवावा. आठवड्यातून दोन वेळा पुरे. सुरमई, मुशी यांसारख्या मोठ्या, इतर मासे खाणाऱ्या माशांत पारा अधिक साठतो. गर्भिणीने त्यांऐवजी लहान मासेच खावेत. धरणातील रोहू-कटला पौष्टिक खरे, पण आयोडीनच्या बाबतीत गोड्या पाण्याचा मासा समुद्राच्या माशाची बरोबरी करीत नाही.

जून व जुलै या दोन महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. पुढे श्रावण येतो, आणि मासे खाणारी पुष्कळ ब्राह्मण घरेही तो पाळतात. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव सागरास नारळ अर्पण करतात. या काळात ताजा मासा दुर्मीळ म्हणून बाजारातील शिळा घेऊ नये. तेवढे दिवस मिठावर व दुधावर निर्वाह सहज होतो.

ज्या घरांत मासा येत नाही त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. पिशवीवर आयोडीनयुक्त असे छापलेले मीठ घ्यावे; ते घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून व ओलाव्यापासून दूर ठेवावे. दूध-दही नियमित असावे, सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, आणि आपली जुनी जवसाची चटणी पुन्हा ताटात आणावी. तिच्यातील स्निग्धांशाचा थोडा भागच शरीर माशातील प्रकारात बदलू शकते, तरी ती हितकरच आहे. कोबी, फुलकोबी व बाजरी यांविषयी उगाच भय पसरले आहे. आयोडीन पुरेसे असेल आणि भाजी शिजविलेली असेल तर बाजरीची भाकरी व कोबीची भाजी निर्धास्त खावी.

एका गोष्टीची मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आयोडीनयुक्त मीठ मिळणाऱ्या शहरांत आज दिसणारे थायरॉईडचे पुष्कळ विकार आयोडीनच्या उणिवेने नव्हे, तर शरीराच्या रक्षक शक्तीनेच स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला केल्यामुळे होतात. हाशिमोतो या जपानी वैद्याने १९१२ साली हा प्रकार प्रथम वर्णिला. अशा रोग्यास मासा औषध होऊ शकत नाही. आणि समुद्रशेवाळाच्या गोळ्या घेऊन आयोडीनचा अतिरेक केला तर रोग बळावण्याचाच संभव. वैद्याने गोळी दिली असेल तर ती पहाटे उपाशी पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा व न्याहारी त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत व या गोळीत चार तासांचे अंतर हवे. एकत्र कुटुंबात पहाटे चहा करणारी बाई बहुधा हीच रोगी असते. सर्वांचा चहा होईपर्यंत तिची गोळी राहून जाते, किंवा ती चहाबरोबरच गिळली जाते, आणि मग औषध लागू पडत नाही असा बोभाटा होतो. पहाटेचा पहिला चहा घरातील दुसऱ्या कोणी केला तर हा प्रश्न बिनखर्चाने सुटतो.

आपल्या घरांत पंक्तीची रीत अशी की पुरुष व मुले आधी, सुना शेवटी. हुमणाच्या पातेल्यात तोवर बहुधा रस उरतो, तुकडे उरत नाहीत. ज्यांच्या घरी मासा शिजतो त्यांनी गर्भिणीचा व अंगावर पाजणाऱ्या सुनेचा वाटा प्रथम वेगळा काढून झाकून ठेवावा, आणि ज्यांच्या घरी शिजत नाही त्यांनी तिच्या दुधाचा पेला तसाच राखून ठेवावा.